पाचवा डबा

डबे शनिवारी दुपारी आले. कृष्णकांत राजे ते स्टेशनवरून आपल्या फियाटमधून घेऊन आले आणि एकेक डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून व्हरांड्यात आणून ठेवू लागले. चपटे, गोल, पत्र्याचे सात डबे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा, आणि आकड्याखाली नाव : सेक्टर तेरा.

"वहिनी, चिरंजीवांचा पिक्चर पोचला बरं का सुखरूप!"

रत्नप्रभाबाई उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. हातातली शेंग तशीच राहिली. गेले तीन महिने त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, काहीतरी होईल, पार्सल हरवेल, प्रिंट दुसरीकडे जाईल. रेल्वेने एवढ्या वर्षांत त्यांची लोणच्याची बरणी कधी धड पोचवली नव्हती. हे डबे मात्र एक पोचा न पडता आले.

रघुनाथराव ओलं फडकं घेऊन बाहेर आले आणि डबे स्वतः पुसायला बसले. साठी ओलांडलेला माणूस, निवृत्तीनंतर कोपरखळी मारल्याशिवाय न हसणारा. पण आज नातवंडाला न्हाऊ घालावं तसे ते डबे पुसत होते.

त्या काळी चंदीगडात मराठी पिक्चर यायचा तो वर्षातून एकदा. महाराष्ट्र मंडळ मुंबईहून एक प्रिंट मागवायचं, सेक्टर सतरामधलं एक थिएटर रविवारी सकाळपुरतं भाड्याने घ्यायचं, आणि बदलीवर आलेली सगळी मराठी कुटुंबं नऊवार-सहावार नेसून, डब्यात चिवडा भरून तिथे जमायची. अंबाल्याच्या छावणीतून एक मिलिटरीची बस भरून यायची. पडद्यावर काय आहे याला फारसं महत्त्व नसे. अंधारात दोन तास चहूबाजूंनी मराठी ऐकू येई, त्यासाठी लोक येत. या वर्षी रघुनाथराव सबनीस अध्यक्ष झाले आणि त्यांनी मुंबईची यादी न मागवता जाहीर करून टाकलं, की यंदा आमच्या श्रीपादचा पिक्चर. त्यांनी तो पाहिला नव्हता. श्रीपादचा एकही पिक्चर त्यांनी पाहिला नव्हता. पहिल्यात मंत्र्यांच्या जागी कुणीतरी यंत्रं बसवतं आणि तीन वर्षं कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या पिक्चरची पोस्टरं पुण्यात लोकांनी फाडली होती. पेपरात कुणी श्रीपादला द्रष्टा म्हटलं, कुणी विकृत. दोन्ही कात्रणं रघुनाथरावांनी एकाच फाइलीत लावून ठेवली होती, तारखेनुसार.

"एवढ्या डब्यांत मावला का रे सगळा?" शशिकला वन्सं काठी टेकत आल्या. रघुनाथरावांची ही थोरली बहीण थंडी काढायला म्हणून नोव्हेंबरात साताऱ्याहून आली होती, आणि इथली थंडी पाहून रोज स्वतःला दोष देत होती.

"अक्का, सात डबे म्हणजे दोन तास."

"शेवटी लग्न होतं का?"

"मला काय ठाऊक? हिने पाहिलाय पुण्याला. काय गं, होतं का लग्न?"

"नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"मग विनोदी असेल," असं म्हणून वन्सं खुर्चीत बसल्या.

"आपल्या शहरावर आहे, राजे," रघुनाथराव सांगत होते. "या गावात बारा नंबर आहे, चौदा नंबर आहे, तेरा नाही. आखणाऱ्यांनी गाळलाच तो आकडा. तो धागा पकडलाय पोराने. डोकं आहे!"

"फक्त प्रौढांसाठी आहे असं सर्टिफिकेटवर लिहिलंय, नाना," राजे जरा दबकून म्हणाले.

"असेल एखादं चुंबन. आपण काय कुक्कुली बाळं आहोत?"

राजे हसत गेले. रत्नप्रभाबाईंनी मटाराचं भांडं उचललं आणि आत गेल्या. पाच नंबरचा डबा वरून तिसरा होता, हे त्यांनी जाता जाता पाहिलं.

संध्याकाळी दिगंबर मुक्कामाला आला. हा थोरला, एअर फोर्समध्ये स्क्वाड्रन लीडर, योगायोगाने दोन वर्षांसाठी इथेच बदलून आलेला. बरोबर बायको वसुधा आणि नऊ वर्षांची मीनाक्षी. मीनाक्षी आल्याआल्या आजीच्या कमरेला बिलगली.

"आजी, ये तो नॉट फेअर है. काका की पिक्चर है और मैं ही नहीं जाऊँगी?"

"मोठ्यांचा पिक्चर आहे, सोनू."

"तो फिर घर पे क्या करूँगी?"

"जा, आजोबांना विचार."

ती पळाल्यावर दिगंबरने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"आई, तू पाहिलायस. खरं सांग. माझ्या कोर्समेटने मुंबईत पाहिला. तो फोनवर म्हणाला, यार, तुझ्या वडिलांना दाखवू नकोस."

रत्नप्रभाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी मळणं थांबवलं नाही.

"त्यात एक शहर आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या काळातलं, सगळं यंत्रांवर चाललेलं. तिथे जी माणसं नकोशी होतात त्यांना सोनेरी चिठ्ठी मिळते, की तुम्हाला सेक्टर तेरामध्ये घर दिलंय. बँड वाजवत नेतात त्यांना. आणि तेरा नंबर तर नाहीच. तिथे एक मोठा रूळ असतो, रस्त्याचा असतो तसा…"

"पुरे," वसुधा म्हणाली.

"रक्त बघवत नाही. पण लोक हसतात. आधी हसतात आणि मग त्यांना कळतं आपण कशाला हसलो."

"आणि नाना?"

"चिठ्ठ्यांवर सही करणारा एक साहेब आहे. कॉलरमध्ये रुमाल खोचतो. सही झाली की शाईवर दोनदा फुंकर मारतो. पेनाचं टोपण दातात धरतो."

या घरात ज्यांनी रघुनाथरावांना एकदा तरी सही करताना पाहिलं होतं, त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

आणीबाणीच्या पहिल्या हिवाळ्यात, शहात्तरच्या जानेवारीत, चोच्या काठची मजुरांची वस्ती उठवली होती. चो म्हणजे इथला पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. हे सेक्टर ज्यांनी विटा वाहून उभे केले त्यांचीच ती वस्ती. आदेशावर रघुनाथरावांची सही होती. ते त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपले, आणि त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. फक्त रत्नप्रभाबाईंनी श्रीपादला पुण्याला एक पत्र लिहिलं होतं. मन हलकं करायला दुसरं कुणी नव्हतं. त्या पत्रातली वाक्यं त्यांनी नोव्हेंबरात पडद्यावर ओळखली.

"शो रद्द करायचा," दिगंबर म्हणाला. "प्रिंट खराब निघाली म्हणून सांगू. उद्या माझे ग्रुप कॅप्टन येणार आहेत, मिसेससकट."

"तुम्हाला काळजी नानांची आहे की ग्रुप कॅप्टनची?" वसुधाने विचारलं.

"दोन्ही. त्यात काय चुकलं?"

"सव्वाशे माणसं येणार आहेत. नानांनी एकेकाला फोन केलेत. रद्द झालं तर ते राजेंना घेऊन रात्रीतून प्रिंट जोडून देणारा माणूस शोधतील. ओळखता ना त्यांना?" वसुधा सासूकडे वळली. "आई, तो साहेब सगळ्या पिक्चरभर आहे का?"

"नाही. पाचव्या डब्यात. तेवढ्यातच."

"मग पाचवा डबा जायलाच नको."

दिगंबर बायकोकडे बघत राहिला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यात ती त्याच्या बाजूने इतकी नीट पहिल्यांदाच आली असावी.

"कळेल की लोकांना," तो म्हणाला.

"काय कळणार आहे?" दारातून वन्संचा आवाज आला. त्या किती वेळ तिथे होत्या कोण जाणे. "मागच्या वर्षीच्या पिक्चरची गोष्ट आठवतेय का एकाला तरी? रत्ना, माझ्या भावाला या वयात चारचौघांत उघडं पाडू नकोस. डबा उचल."

"वन्सं, श्रीपाद उद्या सकाळी येतोय. त्याला काय सांगू?"

"त्याला सांग, आत्याने सांगितलं. मला बोलायची त्याची छाती नाही."

रात्रीची जेवणं झाल्यावर रघुनाथराव नातीला पत्त्यांचा डाव शिकवत बसले, तेव्हा रत्नप्रभाबाई व्हरांड्यात गेल्या. डबा वाटला होता त्याहून जड निघाला. कोठीच्या खोलीतल्या गव्हाच्या पिंपात त्यांनी तो ढकलला आणि वरून हाताने गहू सारखे केले. एवढं करून त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

श्रीपाद सकाळी दिल्लीच्या बसने उतरला. दाढी वाढलेली, खांद्यावर शबनम, पायात थंडीतही चपला. नानांच्या पाया पडला, आत्याच्या पडला, आईच्या पडताना मात्र तिच्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाला, "सांगितलंस त्यांना?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आई!"

"तू का नाही सांगितलंस? मुलगा आहेस ना?"

"मला वाटलं, तू सांगशील."

एवढ्यात व्हरांड्यातून हाक आली. रघुनाथराव पार्सलची पावती हातात घेऊन डब्यांपुढे उभे होते. निघण्याआधी सामान कागदाशी ताडून बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. चौघांपैकी एकालाही ती आठवली नव्हती.

"इथे सहाच आहेत. पाच नंबर नाही."

श्रीपादचा चहा बशीत सांडला. "नाही म्हणजे? रेल्वेत राहिला? नाना, या प्रिंटची दुसरी कॉपी नाही माझ्याकडे!"

"रेल्वेत नाही राहिला. काल सात पुसले मी."

"राजेंच्या गाडीत राहिला असेल," दिगंबर घाईने म्हणाला.

"दिगंबर, पुसलेला डबा गाडीत कसा राहील?"

दिगंबरने मान खाली घातली. वसुधा मीनाक्षीची वेणी सोडून पुन्हा घालू लागली. वन्संनी जपमाळ काढली. तीन माणसांनी तीन दिशांना पाहिलं आणि रघुनाथरावांनी सरळ बायकोकडे पाहिलं.

"मी ठेवलाय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "गव्हाच्या पिंपात."

"का?"

"त्यात तुम्ही आहात."

"मी?" ते हसणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "मी काय करतो त्यात?"

"सही करता."

फाटकाबाहेरून एक सायकलरिक्षा गेली. रघुनाथरावांनी पावतीची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली. श्रीपाद पुढे झाला.

"नाना, ते पात्र आहे. तुमच्या काही सवयी घेतल्या मी, पण ते तुम्ही नाही. तुम्ही म्हणाल तर नको लावूया. मी राजेंना सांगतो."

"तू आता का कच खातोस?" रघुनाथराव म्हणाले. "पुण्यात लोकांनी पोस्टर फाडलं तेव्हा तुझी मुलाखत आली होती. मी एक फ्रेमसुद्धा कापणार नाही, असं म्हणाला होतास. ठेवलंय मी ते कात्रण." मग बायकोकडे वळून, "पिंपाचं झाकण काढ."

ते स्वतः कोठीच्या खोलीत गेले. कोपरापर्यंत हात गव्हात घालून डबा बाहेर काढला, त्याच्या कडेत अडकलेले दाणे नखाने काढले आणि सहा डब्यांत नेऊन ठेवला. बरोबर चार आणि सहाच्या मध्ये.

"चला. साडेनऊला सुरू म्हणून सांगितलंय आपण लोकांना."

मीनाक्षीला शेजारी सोडून सगळे निघाले. थिएटर भरलं होतं. पहिली वीस मिनिटं लोक खूश होते. पडद्यावर त्यांचेच चौक, त्यांचेच सरळ रस्ते, त्यांचीच काँक्रीटची घरं, पण सगळं चकचकीत पत्र्याचं केलेलं. ओळखीची जागा दिसली की कुणीतरी मोठ्याने आकडा सांगे आणि हशा पिकत असे. तिसऱ्या डब्यात रूळ पहिल्यांदा फिरला. मागच्या रांगेतल्या एका बाईने किंकाळी फोडली. त्यानंतर दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले. ग्रुप कॅप्टनची पत्नी उठली. ग्रुप कॅप्टन तिच्यामागून गेले. दिगंबर अर्धवट उठला, वडिलांकडे पाहिलं आणि पुन्हा बसला.

रत्नप्रभाबाई नवऱ्याच्या डाव्या हाताला होत्या. पाचवा डबा लागला ते त्यांना पडदा न पाहताही कळलं. साहेब आला, कॉलरमध्ये रुमाल खोचला आणि उरलेल्या लोकांत खसखस पिकली. त्या नटाने फार सुरेख केलं होतं. एका हाताने चहाचा कप, दुसऱ्या हाताने सही, डोळे खिडकीबाहेरच्या कबुतरांवर. कागदाकडे बघतसुद्धा नव्हता. सही, फुंकर, फुंकर. राजे पुढच्याच रांगेत मोठ्याने हसत होते. एकाएकी त्यांचं हसू तुटलं. मान मागे वळता वळता राहिली आणि परत पुढे झाली. नानांच्याच हाताखाली त्यांनी नऊ वर्षं काढली होती.

रत्नप्रभाबाईंनी अंधारात हात पुढे केला. रघुनाथरावांनी तो बाजूला सारला नाही आणि धरलाही नाही. ते पुढे वाकून बघत होते, कागद वाचताना वाकत तसे.

दिवे लागले तेव्हा सव्वाशेतली चाळीसएक माणसं उरली होती. अध्यक्षांनी चार शब्द बोलायची रीत होती. रघुनाथराव पडद्यापुढे गेले आणि म्हणाले, "मंडळाच्या वतीने दिग्दर्शकाचे आभार. ज्यांना त्रास झाला त्यांनी मला बोलावं, त्याला नाही." आणि खाली उतरले.

घरी आल्यावर पानं वाढली. मटारभात होता. आधी वन्संनी तोंड उघडलं.

"मला तर काही कळलं नाही बाई. इतकी माणसं मारायची ती कशाला? आणि तो साहेब काही आमच्या रघूसारखा नव्हता. रघू कुठे एवढा जाडा आहे?"

वसुधाला हसू फुटलं, तिने ते पदराने झाकलं. श्रीपादने पान तसंच ठेवलं होतं. नेहमी चार माणसांत टाळ्या घेणारा हा मुलगा. आज तो आत्याच्या बोलण्यावरही हसला नाही.

"नाना, काहीतरी बोला. रागवा तरी."

रघुनाथरावांनी पानातला भात एका बाजूला केला.

"पिक्चर चांगला आहे. रूळ जरा जास्त वेळा फिरतो. पण एक चूक आहे तुझी."

"कुठली?"

"तुझा साहेब न वाचता सही करतो."

"तेच तर म्हणायचंय मला. यंत्रासारखी माणसं. त्यांच्यापुढे कागद येतो, सही होते. त्यांना माहीतच नसतं."

"मी वाचला होता."

श्रीपादने मान वर केली.

"अकरा पानं होती. दोनदा वाचली मी. शेवटच्या पानावर एक रकाना होता, या लोकांना पर्यायी जागा कुठे दिली त्याचा. तो कोरा होता. मी पाहिला तो कोरा रकाना. वर विचारता आलं असतं, कागद परत पाठवता आला असता. एका ओळीची टीप लिहायची होती. तुझा तो जाडा माणूस कबुतरं बघतो. तू त्याला सोडून दिलंस, श्रीपाद."

"पण आईनं मला लिहिलं होतं…" श्रीपाद आईकडे वळला. "तूच लिहिलं होतंस ना? की ते दिवसाला शंभर कागद बघतात, हा त्यांनी वाचलाही नसेल?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. रत्नप्रभाबाईंच्या हातात वाढायचा डाव होता. ते वाक्य लिहिल्यावर त्या रात्री त्यांना झोप लागली होती, एवढं त्यांना आठवलं. पाच वर्षं त्या वाक्यावर त्यांनी संसार केला होता.

"मला वाटलं तसं," त्या म्हणाल्या.

"तुला तसं वाटावं म्हणून मी गप्प राहिलो," रघुनाथराव म्हणाले. "तिची चूक नाही ती."

"मग का केलीत सही?" श्रीपादने विचारलं. हा प्रश्न पिक्चरमधला नव्हता. आवाजही दिग्दर्शकाचा नव्हता.

दिगंबर पाटावरून उठू लागला. "नाना, आज नको. तुम्हाला त्रास होईल. आई, सांग ना त्यांना."

काल याच मुलाचं रत्नप्रभाबाईंनी ऐकलं होतं. सुनेचं ऐकलं होतं, नणंदेचंही. आत स्टोव्हवर बासुंदीचं दूध आटत होतं आणि त्याच्या घरघरीत रघुनाथरावांचा खालचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. रत्नप्रभाबाई आत गेल्या, स्टोव्हची चावी सोडून तो बंद केला, आणि बाहेर येऊन दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग स्वतः नवऱ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "सांगा."